किरिबाती: जमीन मुठीएवढी, समुद्र भारताहून मोठा

प्रश्न असा आला आहे: ‘किरिबाती या देशाकडे जेमतेम ८११ चौरस किलोमीटर जमीन आहे. कारखाने नाहीत, खनिजं संपलेली, शेती नावापुरती. मग हा देश चालतो कशावर? तिथलं सरकार कसं असतं? आणि तो बुडणार म्हणतात, ते कितपत खरं?’

पॅसिफिकमधल्या बेट-देशांच्या मासेमारी परवान्यांचे करार आणि त्यांचे हिशेब हा माझ्या रोजच्या कामाचा विषय. म्हणून उत्तर जमिनीपासून सुरू करत नाही. किरिबातीची खरी मालमत्ता पाणी आहे, आणि त्या पाण्यावरचा कायदेशीर हक्क. एवढं पक्कं धरलं की तिथला भूगोल, राज्यकारभार आणि पैसा यांचा एकमेकांशी मेळ लागतो.

आधी पसारा बघा. ८११ चौरस किलोमीटर म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून जेवढे होतात त्याहून सुमारे एक तृतीयांश जास्त. लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १ लाख २० हजारांच्या आसपास. पण बेटांभोवतीचं २०० सागरी मैलांचं अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्यातल्या मासळीवर फक्त त्या देशाचा हक्क असतो तो समुद्र, सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर आहे. भारताचं सगळं भूक्षेत्र ३२.८७ लाख. एवढ्या पाण्यात ३३ बेटं विखुरलेली, तीन गटांत: पश्चिमेला गिल्बर्ट, मध्ये फिनिक्स, पूर्वेला लाइन. राजधानी तारावा पश्चिमेकडे, तर देशाची जवळजवळ निम्मी जमीन एकट्या किरितिमाती (ख्रिसमस) बेटावर, पूर्वेला तीन हजारांहून जास्त किलोमीटर दूर. तिथे राहतात सात-एक हजार माणसं. तारावाहून आपल्याच देशातल्या त्या बेटावर जायला कित्येक वर्षं आधी फिजीतल्या नांदीला जाऊन विमान बदलावं लागे.

विषुववृत्त आणि १८० अंश रेखावृत्त दोन्ही या देशातून जातात. १९९५ पर्यंत वाररेषाही देशाच्या मधूनच जात होती. तारावात सोमवार उजाडायचा तेव्हा किरितिमातीत रविवार. तिथे शुक्रवारचं कामकाज सुरू व्हायचं तेव्हा राजधानीत शनिवारची सुट्टी. दोन्हीकडची सरकारी कार्यालयं एकाच वेळी उघडी असायची ती आठवड्यातले चारच दिवस. १९९५ च्या आरंभी सरकारने वाररेषा पूर्वेला सरकवली. सहस्रकाच्या पहिल्या सूर्योदयाची पर्यटकी जाहिरात नंतर बरीच झाली, पण मूळ कारण कारभाराचं होतं.

आता जमीन. बनाबा हे उंचावलेलं प्रवाळबेट सोडलं (सर्वोच्च जागा ८१ मीटर) तर बाकीची सगळी कंकणद्वीपं किंवा प्रवाळखडकावरची सपाट बेटं. मध्ये खारकच्छ (खाऱ्या पाण्याचं उथळ तळं), भोवती प्रवाळाचं कडं, आणि कड्यावर वाळू-खडीची अरुंद पट्टी. बहुतेक ठिकाणी उंची दोन-तीन मीटर. नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. गोडं पाणी येतं कुठून? पावसाचं पाणी सच्छिद्र प्रवाळात मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने त्याच्यावर तरंगत राहतं. बेट जितकं रुंद तितका हा गोड्या पाण्याचा थर जाड. अरुंद बेटावर तो फारच पातळ असतो, आणि उपसा वाढला की विहीर मचूळ होते.

या थराचा सगळ्यांत हुशार उपयोग पाहायचा तर बाबाईचे खड्डे पाहावेत. बाबाई म्हणजे अळूच्या कुळातलं मोठं कंद. गोड्या पाण्याच्या पातळीपर्यंत जमीन खोदायची, मुळं त्या पाण्यात राहतील अशी रोपं लावायची, प्रत्येक रोपाभोवती केवड्याच्या कुळातल्या पानांचं विणलेलं कडं करून त्यात पालापाचोळा आणि माती भरत राहायचं. कंद वर्षानुवर्षं पोसायचा आणि लग्नकार्याला, मानाच्या पाहुण्याला काढायचा. खड्डे कुटुंबांच्या मालकीचे, पिढ्यान् पिढ्या चालत आलेले. एखाद्या भरतीला लाट पट्टी ओलांडून आत आली की खड्ड्यात खारं पाणी उतरतं आणि सगळं पीक जातं. हवामानबदलाचं नुकसान तिथे असं मोजतात.

बाकी आहार माड, नीरफणस, केवडा आणि मासे यांच्यावर. माडाची पोय कापून रस काढणं हे रोजचं काम, सकाळ-संध्याकाळ. माणूस झाडावर चढतो आणि वरून गाणं म्हणत कापतो. ताजा रस मुलंही पितात, आटवला की काकवीसारखा होतो, आंबला की माडी. कोकणातल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. मात्र गेल्या दोन-तीन पिढ्यांत तांदूळ, मैदा, साखर आणि डबाबंद मांस जहाजांनी येऊ लागलं, आणि आज मधुमेह ही तिथली मोठी व्याधी आहे.

निम्म्याहून जास्त देश दक्षिण तारावात राहतो: १५-एक चौरस किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्टीवर साठ हजारांच्या वर माणसं. बेसिओत बंदर, बाइरिकीत सरकारी कचेऱ्या, आंबोत संसद, बोनरिकीत विमानतळ आणि पाण्याचा राखीव पट्टा. हे सगळे तुकडे भराव घालून केलेल्या कॉजवेंनी जोडलेले आहेत. बेसिओ-बाइरिकी जोडणारा १९८७ साली जपानी मदतीने झाला. लोकांची सोय झाली, पण अशा भरावांनी खारकच्छ आणि समुद्र यांच्यामधल्या वाटा बुजल्या, माशांची ये-जा अडली आणि किनाऱ्याची वाळू सरकायची दिशा बदलली. तारावातली किनाऱ्याची धूप सगळीच्या सगळी समुद्रपातळीच्या नावावर टाकणं मला पटत नाही. भराव, वाळूचा उपसा आणि गर्दी यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

आता पैसा. त्यासाठी बनाबाकडे वळावं लागतं. सुमारे सहा चौरस किलोमीटरच्या या बेटावर १९०० साली फॉस्फेट सापडलं. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं ते खणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांवर खत म्हणून पसरलं गेलं. युद्धकाळात बेट जपान्यांच्या ताब्यात होतं. युद्ध संपल्यावर, १९४५ च्या डिसेंबरात, बनाबाच्या लोकांना घरी परत न नेता फिजीतल्या राबी बेटावर उतरवण्यात आलं. त्यांचं बेट खाणीसाठी मोकळं झालं. त्यांनी पुढे लंडनच्या न्यायालयात लांबलचक खटला लढवला, पण झालेल्या अन्यायाच्या मानाने हाती फार थोडं लागलं. किरिबातीच्या समृद्धीची पहिली वीट या माणसांच्या घरादाराची आहे. हा देश शिकवताना हा भाग कुणी गाळू नये.

फॉस्फेटच्या उत्पन्नातून ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने १९५६ साली एक राखीव निधी काढला. पुढे खाण १९७९ साली बंद झाली आणि त्याच वर्षी १२ जुलैला देश स्वतंत्र झाला. सरकारी उत्पन्नाचा जवळजवळ अर्धा भाग फॉस्फेटचा होता, तो स्वातंत्र्याबरोबरच संपला. पहिले अध्यक्ष येरेमिया ताबाई तेव्हा २९ वर्षांचे होते. त्यांच्या सरकारने काटकसर केली आणि मुद्दल राखलं. पैसा परदेशी रोख्यांत आणि समभागांत गुंतवलेला राहिला. नंतरच्या काळात त्यातून बरीच उचल झाली, मासळीचा पैसा वाढल्यावर पुन्हा भरही घातली गेली. आज हा निधी १ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे. (देशाचं स्वतःचं चलन नाही, ऑस्ट्रेलियन डॉलरच चालतो.)

शेजारच्या नाऊरूशी ताडून पाहिलं की याचं मोल कळतं. तेही फॉस्फेटचं बेट, २१ चौरस किलोमीटरचं, १९६८ साली स्वतंत्र झालेलं, आणि साठा बनाबाहून कितीतरी मोठा. एके काळी दरडोई उत्पन्नात जगात वरच्या रांगेत. पण पैसा इमारतींत, विमानकंपनीत आणि फसलेल्या गुंतवणुकींत गेला. मेलबर्नमधली नाऊरू हाउस ही बहुमजली इमारत २००४ साली विकावी लागली. नव्या शिस्तीचा निधी तिथे २०१५ मध्ये पुन्हा पहिल्यापासून उभारावा लागला. कमी फॉस्फेट असलेल्या किरिबातीकडे मात्र गंगाजळी शिल्लक आहे.

दुसरा आणि आज सर्वांत मोठा आधार मासळी. सरकारच्या उत्पन्नातला सर्वांत मोठा वाटा परदेशी बोटींच्या परवाना शुल्काचा, चांगल्या वर्षी निम्म्याहून बराच जास्त. मासा प्रामुख्याने स्किपजॅक, म्हणजे आपल्या कुप्याच्या जातभाईंपैकी एक, डबाबंद टूनासाठी लागणारा. पकडणाऱ्या बोटी कोरिया, तैवान, जपान, चीन, अमेरिका, स्पेनच्या, आणि जाळी पर्ससीनची, म्हणजे माशांच्या थव्याभोवती टाकून खालून आवळायची. पर्ससीन हा शब्द महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर भांडणाचा आहे, पण तिथल्या बोटी आपल्या बोटींच्या कितीतरी पट मोठ्या. एकेका फेरीत शेकडो टन मासळी भरून त्या तारावाच्या खारकच्छात येतात आणि शीतजहाजांवर माल चढवतात.

पूर्वी हे देश एकेकटे वाटाघाटी करत. बोटवाले एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची भीती घालत आणि माशाच्या किमतीच्या पाच-सहा टक्क्यांवर बोळवण करत. १९८५ मध्ये किरिबातीने थेट सोव्हिएत संघाशी वर्षभराचा मासेमारी करार केला. तोवर टूनावर किनारी देशांचा हक्क मानायला तयार नसलेली अमेरिका त्याचा धसका घेऊन दोन वर्षांत पॅसिफिक बेट-देशांशी शुल्क भरण्याचा करार करून मोकळी झाली. किरिबातीची लोकसंख्या तेव्हा लाखाच्याही आत होती. भूराजकीय स्पर्धेचा उपयोग करून घेण्याचं हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते.

खरा बदल झाला एकजुटीने. १९८२ चा नाऊरू करार करणारे देश आज आठ आहेत: किरिबाती, नाऊरू, तुवालू, मार्शल बेटं, मायक्रोनेशिया, पलाऊ, पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटं. त्यांनी २००७ च्या अखेरीस ‘बोट-दिवस’ पद्धत सुरू केली. माशाच्या टनावर पैसे घ्यायचे तर टन लपवले जातात. म्हणून दिवस विकायचे. वर्षाला सगळ्यांच्या पाण्यात मिळून सुमारे ४५ हजार दिवस, ते देशादेशांत वाटलेले. बोट पाण्यात असली की उपग्रह-यंत्रणेवर दिसते, तिच्यावर निरीक्षक असतो, आणि दिवस खात्यातून वजा होतो. ५० मीटरहून लहान बोटीला अर्धा दिवस लागतो, ८० मीटरहून मोठीला दीड. यंत्र बिघडलं म्हणून आम्ही त्या दिवशी मासे धरलेच नाहीत, असा दावा बोटवाले करतात आणि तो दिवस परत मागतात. निरीक्षकाची वही आणि बोटीचा वेग-मार्ग समोरासमोर ठेवून हा दावा तपासावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण शाळा आणि दवाखाने यातूनच चालतात. किमान दर २०१५ पासून दिवसाला ८,००० अमेरिकी डॉलर झाला, प्रत्यक्षातले सौदे त्याहून वरचे. किरिबातीचं परवाना उत्पन्न २०१२ साली ६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात होतं, ते २०१५ मध्ये २० कोटींच्या आसपास गेलं.

२०१५ च्या त्या उसळीत एल निनोचाही हात होता. महाराष्ट्रात एल निनो म्हटलं की पाऊस रुसणार म्हणून पोटात गोळा येतो. किरिबातीत उलट आहे. एरवी पापुआ न्यू गिनीच्या बाजूला असलेलं उबदार पाणी एल निनोत पूर्वेला सरकतं, त्याच्या कडेने खाद्य गोळा होतं, स्किपजॅक त्यामागे जातो, आणि तो सगळा जथा किरिबातीच्या हद्दीत येतो. त्याच उबेने गिल्बर्ट बेटांवर भरपूर पाऊस पडतो. म्हणजे विहिरी आणि तिजोरी एकदमच भरतात. ला निनात दोन्ही एकदमच आटतात. २०२२ च्या जूनमध्ये तर दुष्काळापायी आपत्ती जाहीर करावी लागली. एल निनोही निखळ सुखाचा नाही. समुद्रपातळी तात्पुरती चढते, मोठ्या भरतीचं पाणी घरांत शिरतं, आणि २०१५-१६ च्या उष्णतेत किरितिमातीचा बहुतांश जिवंत प्रवाळ मेला. अशा देशाला राखीव निधी का हवा, हे यावरून कळावं. एका देशाचे न वापरलेले दिवस दुसऱ्या देशाच्या पाण्यात वापरू देण्याची सोय बोट-दिवस पद्धतीत आहे, तीही याच चढउतारासाठी.

राज्यव्यवस्था ब्रिटिश आणि स्थानिक यांच्या मिश्रणातून घडलेली आहे. संसदेचं नाव ‘मानेआबा नी माउंगाताबू’. मानेआबा म्हणजे गावाचं सभागृह. भलंमोठं छप्पर, वळचण इतकी खाली की वाकूनच आत शिरावं लागतं, आणि आत प्रत्येक कुळाची बसण्याची जागा परंपरेने ठरलेली. ज्येष्ठ पुरुष बोलतात, सर्वांचं ऐकून निर्णय होतो. बायकांना आणि तरुणांना तिथे पुरेसा आवाज नाही, ही टीका खरी आहे. पण बाहेरच्या बेटांवर आजही लोक संसदेपेक्षा या छपराखालच्या शब्दाला जास्त मान देतात. सरकारी योजना आधी तिथे मांडली नाही तर ती कागदावरच राहते.

संसदेत ४५ सदस्य. ४४ निवडून येतात आणि एक जागा राबी बेटावरच्या बनाबन समाजाची. परदेशी भूमीवर राहणाऱ्या समाजाला संविधानाने दिलेली अशी जागा जगात विरळाच. निवडणुकीनंतर संसद आपल्यातले तीन-चार उमेदवार सुचवते आणि त्यांच्यातून जनता थेट अध्यक्ष निवडते. त्याला बेरेतितेन्ती म्हणतात. तोच राष्ट्रप्रमुख, तोच सरकारप्रमुख, चार वर्षांची मुदत, जास्तीत जास्त तीन वेळा. तो संसदेच्या विश्वासावर टिकून असतो. अविश्वास ठराव मंजूर झाला तर अध्यक्ष जातो आणि संसदही विसर्जित होते. नवी निवडणूक होईपर्यंत सभापती, सरन्यायाधीश आणि लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष यांचं मंडळ कारभार पाहतं. १९९४ आणि २००३ मध्ये असं घडलं आहे. सरकार पाडणाऱ्या आमदाराला स्वतःची जागाही पणाला लावावी लागते, ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. सैन्य नाही. २०१६ पासून तानेती मामाऊ अध्यक्ष आहेत. त्यांच्या काळात २०१९ मध्ये देशाने तैवानऐवजी चीनशी संबंध जोडले, आणि २०२२ मध्ये सरकार आणि वरिष्ठ न्यायाधीश यांच्यात मोठा संघर्ष झाला. त्यातून न्यायव्यवस्था बराच काळ खिळखिळी राहिली. इतक्या लहान देशात दोन-चार माणसं पदावरून हटवली तरी एक अख्खी संस्था बंद पडते.

आलेला पैसा जातो कुठे? पगार, शाळा, दवाखाने, ज्येष्ठांचं निवृत्तिवेतन, आणि खोबऱ्याचं अनुदान. सरकार बाहेरच्या बेटांवरून सुकं खोबरं बाजारभावापेक्षा खूप चढ्या दराने विकत घेतं. २०१६ पासून किलोला २ ऑस्ट्रेलियन डॉलर, पुढे आणखी वाढ. बाहेरून येणारे अर्थतज्ज्ञ यावर नाकं मुरडतात. मी त्यांच्या बाजूची नाही. हा मासळीचा पैसा दूरच्या बेटांवरच्या घराघरात पोचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्यासाठी ना बँक लागते, ना कारकून. माणसं आपल्या बेटावर टिकली तर तारावावरचा भार तेवढाच हलका होतो. हा भाव राजकीय लिलावासारखा प्रत्येक निवडणुकीत चढू नये, एवढीच अट. याशिवाय बेसिओतल्या सागरी प्रशिक्षण केंद्रातून १९६७ पासून तयार होणारे खलाशी, विशेषतः जर्मन कंपन्यांच्या जहाजांवरचे, घरी पैसे पाठवत आले. २००८ च्या मंदीनंतर त्या नोकऱ्या घटल्या, आणि आज ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मळ्यांतल्या हंगामी कामाने ती जागा घेतली आहे.

संवर्धन आणि महसूल यांची ओढाताणही याच पाण्यात चालते. फिनिक्स बेटांभोवतीचं चार लाख चौरस किलोमीटरचं संरक्षित क्षेत्र २०१० मध्ये जागतिक वारसा झालं, २०१५ पासून तिथे व्यापारी मासेमारी बंद झाली. २०२१ च्या अखेरीस सरकारने ती पुन्हा खुली करण्याचं ठरवलं. जगभर नाराजी उमटली. ती समजू शकते, पण बंदीने गेलेलं उत्पन्न भरून देण्याची शाश्वत सोय बाहेरच्यांनी केली नव्हती, हेही तितकंच खरं.

आता बुडण्याचा प्रश्न. जुन्या-नव्या हवाई छायाचित्रांच्या तुलनेत पॅसिफिकमधली बरीच कंकणद्वीपं गेल्या काही दशकांत आकुंचन पावलेली नाहीत. प्रवाळाचा चुरा लाटांनी वर येत राहतो आणि बेटाचा आकार सरकत राहतो. त्यामुळे उद्या नकाशावरून पुसली जातील असं मी म्हणत नाही. राहण्यालायक किती काळ राहतील हा खरा प्रश्न आहे. गोड्या पाण्याचा थर खारावला आणि भरती दरवर्षी अंगणात येऊ लागली तर जमीन असूनही गाव उठतं. आनोते तोंग अध्यक्ष असताना २०१४ मध्ये फिजीच्या वानुआ लेवू बेटावर सुमारे २२ चौरस किलोमीटर जमीन विकत घेण्यात आली. ‘सन्मानाने स्थलांतर’ ही त्यांची मांडणी होती. मामाऊंनी ती बाजूला ठेवली. आपली माणसं इथेच राहतील, जमीन भराव घालून उंच करू, ही त्यांची भूमिका. फिजीतल्या जमिनीकडे ते शेतीसाठी पाहतात.

या वादात एक बाब मागे पडते, ती माझ्या कामाशी थेट जोडलेली आहे. किनारा सरकला तर त्यावरून मोजलेली २०० मैलांची हद्दही सरकणार का? तसं झालं असतं तर एकेका खडकाळ बेटाबरोबर लाखो चौरस किलोमीटर समुद्र हातचा गेला असता. पॅसिफिकच्या नेत्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये एकत्र जाहीर केलं की एकदा नोंदवलेली सागरी हद्द समुद्र चढल्याने कमी होणार नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२५ च्या सल्लागार मतात याला बळ दिलं: समुद्र चढला म्हणून नोंदवलेल्या आधाररेषा (किनाऱ्यावरच्या ज्या रेषेपासून हद्द मोजतात त्या) बदलण्याचं बंधन राष्ट्रांवर नाही. किरिबातीसाठी ही बातमी एखाद्या बंधाऱ्यापेक्षा मोठी आहे. राहिला मासा. समुद्र तापत जाईल तसा टूना आणखी पूर्वेला, आणि शेवटी कुणाचीच हद्द नसलेल्या खुल्या समुद्रात सरकेल, असे अंदाज आहेत. पश्चिमेकडच्या शेजाऱ्यांना त्याची झळ आधी लागेल. किरिबाती पूर्वेकडे पसरलेला असल्याने त्याला थोडी उसंत आहे. बोट-दिवसांची वाटणी माशाच्या बदलत्या वाटेप्रमाणे कशी फेरवायची, आणि खुल्या समुद्रातल्या टूनावर या आठ देशांचा दावा कसा टिकवायचा, यावर येत्या वर्षांत सर्वांत कठीण वाटाघाटी होणार आहेत.